दाराकडं येनारी करवत

आमचे हे, म्हनजे बाबाराव, बैलगाड्याईचे मिस्त्री. मुकुटबनच्या आसपास त्याईच्या हातची गाडी नाई असं गाव शोधून दाखवा! पन कापसाचा भाव बसला, बैलं बाजारात गेली, आन् बैलच नाई तं गाडी कोन बनवाले सांगते? मंग हे दुसऱ्याच्या वावरात पंप पाठीवर घेऊन फवारनीले गेले. मी नाई म्हनलं होतं. ऐकतील तं ते बाबाराव कसले! एका दुपारी फवारनीचं औषध अंगात भिनून वावराच्या धुऱ्यावरच पडले. यवतमाळच्या दवाखान्यातून जित्ते आले, पन उजवा हात जो थरथराले लागला तो थांबलाच नाई. करवत धरली का रेघ एकीकडं आन् करवत एकीकडं.

"ज्याले रेघ पाळता येत नाई तो मिस्त्री कायचा?" असं स्वतःलेच बोलत. मले लय वाईट वाटे, पन मी वरून खेकसे, "जेवा अगोदर, मंग रडा."

अशात त्याईनं बंद पडलेल्या जिनिंगच्या भंगारातून एक धूड आनलं. लोखंडाचा खांब, खांबाले आडवा हात, आन् त्या हाताखाली लोंबती मोटर, तिले गोल पातं. लाकूड जागीच राह्यते, मोटर दांडीनं आपल्याकडं ओढली का कापत येते.

"पंचफुला, ही रुळावर चालते," हे म्हनाले. "माहा हात हालला तरी हिची रेघ हालनार नाई." लय दिवसांनी चेहरा उजळला होता.

"आहे तो हातबी घेईन ही सटवी!" मी म्हनलं.

सारा उन्हाळा तिच्यातच गेला. राकेलानं जंग काढला, बेअरिंगा बदलल्या, पात्याले धार लावून आनली. काटकोन पाहाचा गुण्या लावून लावून आडवा हात टेबलाशी जुळवला. पातळ पट्ट्या कापून उलटसुलट जोडून पाहत. शेवटी मधात फट दिसेना.

पन मले एक खुपत होतं. मी झाडू माराले आली का मोटर समोर आलेली. मागं लोटली का झाडनं होईपर्यंत सावकाश पुन्हा समोर. "अहो, ही आपोआप चालते!" म्हनलं तं माह्यावरच डाफरले, "तुह्या झाडूचा धक्का लागते. गुण्यात हाय सारं."

एक दिवस पातं फिरून राह्यलं होतं, हे पट्टी उचलाले वाकले, आन् मोटर निघाली त्याईच्याकडं. मी किंचाळली. हात वाचला, बाही फाटून गेली.

त्याईनं बटन बंद केलं आन् मी सुरू झाली. "टाका हे परत भंगारात!" हातात त्याईच्यासाठी आनलेला पान्याचा तांब्या होता, तो तसाच आपटला. पानी सारं मशीनखालून दाराकडं गेलं. हे त्या पान्याकडं पाहतच राह्यले.

ती फरशी मीच उताराची घालाले लावली होती, धुतलं का पानी बाहेर जावं म्हनून. आन् हे पडले गाडीवाले! गाडीचा मिस्त्री लाकूड लाकडाशी जुळवते, जमिनीशी नाई. वावरातली जमीन कधी सपाट असते का? जमीन सपाट हाय का ते पाहाची पानसळ म्हनजे गवंड्याची चीज, ह्याईनं ती जन्मात हाती धरली नाई. मशीन आपल्याजागी बरोबर, पन सारीच्या सारी दाराकडं कललेली, आन् ओढनारा दाराकडंच उभा.

मोडक्या चाकाच्या बाभळीचे तुकडे त्याईनं समोरच्या पायाईखाली ठोकले. मंग मोटर सोडली का आपोआप मागं जाये. मलेबी बरं वाटलं, खोटं कायले बोलू.

मंग पहिलं खरं काम आलं, शेजारच्या विजयमालाबाईच्या दाराची चौकट. जाड सागवान. पातं त्यात शिरलं तसं स्वतःच समोर चढाले लागलं. जाड लाकडात मोटर ओढा लागत नाई, उलट आवरून धरा लागते. हात थरथरला, मोटर उसळली, पातं अडकलं. पुन्हा लावलं, पुन्हा तेच.

हे खाली बसले. "हिचं सारं जुळवलं मी," म्हनाले, "पन हिलेबी हात पाह्यजे." आन् रडले. मी पदर कमरेले घट्ट खोचला आन् बांगड्या उतरवाले लागली.

"मी जित्ता हाय न अजून! बांगड्या काहून काढून राह्यली?" हे दचकून ओरडले.

"भलतंच काय बोलता? पात्यात जातील म्हनून. उठा, कुठं आवरू ते सांगा."

ते बाजूले उभे राह्यले. "हळू... आवर... आता येऊ दे." लाकूड सरळ कापल्या गेलं.

विजयमालाबाई चौकट घ्याले आली तं जोडावरून बोट फिरवून म्हने, "मिस्त्री, हात बरा झाला वाटते! तुमच्याच हातची न ही?"

ह्याईनं उजवा हात मांडीखाली दाबून लपवला. मंग मीच म्हनलं, "हो बाई, त्याईच्याच हातची."

हे उठले आन् आत निघून गेले.