पावणेबारा

परीकथा लिहिणाऱ्याला लोक हमखास विचारतात, "हे सगळं सुचतं कुठून?" मी आजवर बालपण, जंगल, चांदणं अशी ठोकळेबाज उत्तरं देत आलोय.

काल दाताच्या दवाखान्यात बसलो होतो. शेजारच्या चिमुरडीनं आईला विचारलं, "किती वाजले?"

"पावणेबारा," आई मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली.

मुलगी उठली आणि दार किलकिलं करून बाहेर बघून आली. "कुठायत?"

"कोण?"

"पावणे. बारा."

त्यांच्या घरी पाहुण्यांना पावणे म्हणत असणार. आई हसली आणि परत मोबाइलमध्ये गेली. मुलीनं मात्र रिकाम्या खुर्चीवरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली. पाहुण्यांना जागा हवी ना!

जन्मभर हा शब्द वापरतोय मी. मला त्यात फक्त उशीर ऐकू आला. सुचणं म्हणजे कान अजून शहाणे न होणं, एवढंच असावं.

थोड्या वेळानं आई म्हणाली, "बारा वाजले गं. येईलच आता आपला नंबर."

मुलगी दाराकडे बघत राहिली.

"म्हणजे पावणे गेले? आपण चहासुद्धा विचारला नाही."