अण्णाच्या सात एकेरी धावा

अमेरिकेत बेसबॉलचे जुने मोसम संगणकावर पुन्हा खेळवणारी माणसं आहेत. खेळाडूंचे खरे आकडे भरायचे, एखादा खेळाडू बदलायचा आणि येईल तो निकाल खऱ्या निकालाशेजारी ठेवून बघायचा. टिळकवाडीतल्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी हे वाचलं आणि माझं डोकं फिरलं. बेसबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही. मला आमची क्रिकेटची एक हरलेली फायनल जिंकायची होती.

ती टेनिस बॉलची फायनल निपाणीकडच्या एका गावात झाली होती. आम्ही तीन धावांनी हरलो. पिरनवाडीच्या आमच्या मंडळात तेव्हापासून सगळ्यांचं एकच मत, की माझा चुलतभाऊ अण्णा शेवटी धावा न काढता नुसते बॉल खात बसला. हे मत तयार करण्यात माझा मोठा वाटा होता. शेवटी त्याच्यासोबत मीच खेळत होतो, आणि माझ्याकडे बोट वळायच्या आत मी ते त्याच्याकडे वळवलं. अण्णाचं नाव बॉलखाऊ पडलं. तो हसून सोडून द्यायचा.

यंदा मंडळाला पंचवीस वर्षं झाली. जुन्या खेळाडूंची मॅच ठरली आणि कप्तान म्हणून अण्णाचं नाव निघालं. खोटं कशाला सांगू, मला ते झोंबलं. फायनलच्या काळात संघाची स्कोअरची वही मीच लिहायचो, त्यामुळे ती माझ्याच कपाटात होती. ती काढून मी आकडे भरायला बसलो.

फायनलचं पान अर्धं माझ्या अक्षरात होतं. मी बॅटिंगला गेलो तेव्हा वही समोरच्या संघाच्या लिहिणाऱ्याकडे गेली. तो कन्नड शाळेत शिकलेला, त्याने आकडेही कन्नड लिहिले. कन्नड एक म्हणजे खाली तोंड उघडं असलेला गोल. घाईत बघितलं तर शून्यच वाटतं. अण्णाच्या नावापुढे असे सात गोल होते. मी सात शून्यं भरली.

घाईत बघितलं, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. पण आमच्या सीमाभागातल्या बसच्या पाटीवरचा कन्नड एक मी रोज सकाळी वाचतो आणि आजवर कधी चुकीच्या बसमध्ये चढलेलो नाही. शिवाय त्या लिहिणाऱ्याने धाव न निघालेल्या चेंडूला साधं टिंब दिलं होतं. माझ्या नावापुढे तर टिंबांची रांगच होती आणि मध्ये दोन गोल. ते दोन मात्र मी एक, एक असे अगदी बरोबर भरले. एकूण बेरीज सातने कमी आली, तेव्हा ते सात अवांतर धावांत ढकलून दिले. हे लिहितानाही कान तापतात.

मग संगणकावर अण्णाला काढून दुसऱ्याला घातलं आणि फायनल दहा वेळा खेळवली. आठ वेळा आम्ही जिंकलो. 'झालेलं' आणि 'होऊ शकलं असतं ते' असे दोन रकाने करून मी मंडळाच्या ग्रुपवर टाकले. पुरावा म्हणून वहीच्या पानाचा फोटोही टाकला, एवढा मी शहाणा. दिवसभर बॉलखाऊची थट्टा चालली. संध्याकाळी अण्णा ग्रुपमधून बाहेर पडला. मॅचला येत नाही, दुसरा कप्तान बघा, असा त्याने कुणाकडून तरी निरोप धाडला.

दोन दिवसांनी त्याच्या मुलीचा फोन आला. ती कन्नड शाळेत शिकवते. तिने तो फोटो मोठा करून बघितला होता. ती भांडली असती तर बरं झालं असतं, पण तिचा आवाज शांत होता.

"काका, ती शून्यं न्हाईत, एक हाईत," ती म्हणाली. "तुमचं दोन तुम्ही बरोबर वळखलासा न्हवं?"

फोन ठेवून मी अण्णाच्या शून्यांच्या जागी सात एकेरी धावा भरल्या आणि फायनल पुन्हा खेळवली. आता अण्णाला काढलं की आम्ही दहाच्या दहा वेळा हरत होतो. मला काढून दुसरा कुणीही घातला की जिंकत होतो. बॉल मी खाल्ले होते. मला स्वतःची किळस आली.

रविवारी वही घेऊन अण्णाच्या गॅरेजवर गेलो. तो एका स्कूटरचं चाक बसवत होता. काय बोलायचं ते मी वाटेत जुळवून ठेवलं होतं. पान उघडून त्याच्यासमोर धरलं आणि म्हणालो, आकडे कन्नड होते, वाचण्यात माझी गफलत झाली. अण्णाने वहीकडे बघितलंही नाही. त्याने फडक्याला हात पुसले.

"वही कशाला दावतोस रं," तो म्हणाला. "त्या सातबी शिंगलांना पलीकडनं तूच पळालतास की."

आणि तो पुन्हा चाकाकडे वळला.

घरी येऊन मी ग्रुपवर लिहिलं, की चूक झाली नव्हती, मी खोटं भरलं होतं, त्या सात धावा अण्णाच्या. सगळ्यांनी ते वाचलं. अण्णा तेवढा त्या ग्रुपमध्ये नव्हता.