इब्राहिमकाकांनी धरलेला अर्थ

मी मूळची सांगलीची, डोळ्यांची डॉक्टर. मांजर आडवं गेलं की आमची आई थांबायची, पण ती मांजराला दूध घालायला. लिंबू-मिरची आम्ही फक्त ताटात पाहिली. इथे लोक आपापले अनुभव लिहितात ते मी नेमाने वाचते, मनातल्या मनात हसते आणि पुढे जाते. आज माझ्यावरच लिहायची पाळी आली आहे, तेव्हा तुम्हीही खुशाल हसा... पण शेवटपर्यंत वाचा, आणि कुणाला उलगडा झाला तर खरंच कळवा.

गेली नऊ वर्षं मी सौदी अरेबियात, ताइफमध्ये एका खासगी हॉस्पिटलात आहे. ताइफ डोंगरावर वसलंय. घाट उतरून गेलं की लहान लहान गावं लागतात, आणि तिथल्या म्हाताऱ्या माणसांना तपासणीसाठी वर येणं जमत नाही. म्हणून आमच्याकडे फिरता दवाखाना आहे, म्हणजे पिकअपच्या मागे जोडायचा एक पांढरा ट्रेलर. आत तपासणीची मशीन्स, जनरेटर, पाण्याची टाकी... सगळं मिळून अडीच टनांच्या आसपास. चालवतो अस्लम, उत्तर प्रदेशचा. कमी बोलणारा आणि गाडीला जीव लावणारा माणूस.

एवढा बोजा घाटात नुसत्या पिकअपच्या ब्रेकवर थांबत नाही. ट्रेलरच्या चाकांना स्वतःचे विजेवरचे ब्रेक असतात. स्टिअरिंगखाली एक छोटा डबा असतो, त्याला ब्रेक कंट्रोलर म्हणतात. पेडल दाबलं की तो मागच्या ब्रेकना करंट पाठवतो. सगळं जोडलेलं असेल तर डब्यावर हिरवा दिवा. दिवा गेला की ट्रेलर तुम्हाला मागून ढकलायला मोकळा. हे सगळं ज्ञान मला गेल्या वर्षी झालं, कारण तो हिरवा दिवा मधूनच जायला लागला.

आणि गंमत अशी, की वर्कशॉपमध्ये गेला की तो दिवा शहाण्या बाळासारखा जळायचा. तीन वर्कशॉप झाले. प्लग बदलला, नवा कोरा कंट्रोलर बसवला, प्रत्येकाने मीटर लावून बारा व्होल्ट दाखवले आणि गाडी ओके म्हणून परत पाठवली. रस्त्यावर पुन्हा तेच. शेवटी गाड्या बघणाऱ्या आमच्या सुपरवायझरने निकाल दिला, दोष ड्रायव्हरचा आहे. पुढची तक्रार आली तर फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं घरी. अस्लमच्या घरी पाच माणसं त्याच्यावर अवलंबून. त्यानंतर तो तक्रार करेनासा झाला, आणि मला भीती वाटायला लागली ती त्याच्या गप्प बसण्याची.

अस्लमने मग स्वतःच ट्रेलर सनैयात, म्हणजे गॅरेजांच्या वस्तीत, इब्राहिमकाकांकडे नेला. काका दाभोळच्या खाडीकाठचे. चाळीस वर्षं इथे गाड्यांची वायरिंग करतायत. माझे पेशंटही होते, म्हणजे नावालाच. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, आणि मी ऑपरेशन म्हटलं की त्यांचं ठरलेलं उत्तर, "डोळे नसले तरी हात हायत, बाय." दोन वर्षं मी त्यांच्या मागे लागले होते.

त्यांनी मीटर काढलाच नाही म्हणे. होल्डरमधला एक जुना बल्ब घेतला, चाचपडत प्लगला लावला आणि अस्लमला पेडल दाबायला सांगितलं. बल्ब नुसता लालसर झाला. तीन वर्कशॉपना जे सापडलं नव्हतं ते या जवळजवळ आंधळ्या माणसाने पाच मिनिटांत पकडलं.

दुसऱ्याच दिवशी काका आपण होऊन माझ्या ओपीडीत हजर.

"डॉक्टरबाय, उघड एकदाचा डोळा. त्या ट्रेलरच्या खाली बघायचाय मला."

"दोन वर्षं मी सांगतेय तेव्हा नाही, आणि ट्रेलरसाठी तयार?"

"मंग? पुढच्या गाडीत माणूस बसतो. करंट जातो, पण माघारी येत नाय. परतीची वाट कुठंतरी तुटल्ये. हाताला लागली नाय, डोळ्यालाच दिसंल."

"पण मीटरवर तर बारा दाखवतायत ना?"

"मीटर नुसता चाखतो. थेंब मिळाला तरी म्हणतो, हाय. बल्बाला पोटभर लागतो. म्हणून बल्ब खोटा नाय बोलत."

मी एमएस झालेली बाई, पण रोगनिदान इतक्या सोप्या शब्दांत मला आजवर कुणाला समजावता आलेलं नाही. बुधवार सकाळची वेळ दिली. काकांनी अस्लमला बजावलं, मी शनिवारी खाली वाकून बघेपर्यंत घाट उतरायचा नाही. सुपरवायझरनेही मान डोलावली. वाकायला मी त्यांना शनिवारी काय, महिनाभर देणार नव्हते, पण हे मी तेव्हाच बोलले असते तर गडी पळाला असता.

बुधवारी सकाळी काका टेबलावर. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आम्ही डोळ्यात भूल देणारे थेंब घालतो, पेशंट जागा असतो. तोंडावर कापड, एक डोळा तेवढा उघडा, वर मायक्रोस्कोप. पेशंटने हलायचं नाही आणि बोलायचं नाही, कारण माझं हत्यार त्या वेळी डोळ्याच्या आत असतं.

निम्मं काम झालं होतं. कापडाखालून आवाज आला, "अर्थ नाय..."

"काका, बोलू नका."

"अर्थ सुटला, बाय. सुटला."

कधी कधी म्हातारी माणसं टेबलावर हळवी होतात. मला वाटलं परदेशात गेलेली चाळीस वर्षं आठवतायत. मी म्हटलं, "अर्थ आहे काका. उद्या पट्टी काढली की दिसेल." लिजी सिस्टरने विचारलं, "क्या बोल रहे हैं?" मी म्हटलं, "फिलॉसफी." ती मास्कमध्ये हसली.

"धरतो मी... धरलाय. धरलाय."

आणि मॉनिटर ओरडायला लागला. ब्लड प्रेशर एकशे नव्वदच्या वर. सिस्टरने कापड थोडं उचलून पाहिलं. काकांची उजवी मूठ आवळलेली, दंडाच्या शिरा टम्म फुगलेल्या. एवढा जोर लावणाऱ्या माणसाचं डोकं हलतंच. मी हत्यार बाहेर काढणार, तेवढ्यात लक्षात आलं... डोळा हलत नाहीये. केसभरही नाही. हजारो डोळे केले असतील मी, इतका स्थिर डोळा पाहिला नाही. मला भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर त्या माणसाला तिथेच नमस्कार करावासा वाटला.

दोनेक मिनिटांनी त्यांनी लांब श्वास सोडला. "झाला," म्हणाले. प्रेशर उतरलं. मी लेन्स बसवली, पट्टी बांधली. त्यांची मूठ मात्र उघडेना. सिस्टरने एकेक बोट सोडवलं.

बाहेर येऊन फोन पाहिला, तर अस्लमचे तीन मिस्ड कॉल. लावला.

"मैडम, मैं घाट में हूँ. बच गया."

मला वाटत होतं ट्रेलर हॉस्पिटलच्या मागे उभा आहे. सुपरवायझरने खालच्या गावातला पुढच्या आठवड्याचा तपासणी कॅम्प अलीकडे ओढला होता आणि सकाळीच त्याला खाली पाठवलं होतं. ना मला सांगितलं, ना काकांना. उतारावर मधल्या वळणांत हिरवा दिवा गेला. ट्रेलर मागून रेटायला लागला, पिकअपच्या ब्रेकचा जळका वास यायला लागला. कंट्रोलरवर हाताने ब्रेक लावायची दांडी असते, तीही त्याने दाबून पाहिली. काही नाही. पुढे वळण, त्याच्यापुढे दरी.

"कलमा पढ़ लिया था मैडम. फिर बत्ती अपने आप आ गई. ऐसा लगा किसी ने पीछे से पकड़ लिया. अब दीवार के पास खड़ा हूँ, यहाँ बंदर बैठे हैं." मग तो म्हणाला, "पीछे का अर्थ छूट गया था. वही, जो चाचा बोले थे."

"क्या छूट गया था?"

"अर्थ, मैडम. अर्थ का तार."

मराठी शाळेत शिकलेल्या मला अर्थ म्हणजे शब्दांचा, कवितेचा, फार तर जगण्याचा. वायरिंगवाल्यांचा अर्थ वेगळा, 'अर्थिंग'मधला... करंट परत नेणारी वायर. काका तत्त्वज्ञान सांगतच नव्हते. ते कामाचं बोलत होते.

माझा पिंड संशयी, म्हणून पहिली गोष्ट केली ती मॉनिटरचा कागद काढला. प्रेशर चढलं दहा पंचेचाळीसला, उतरलं सत्तेचाळीसला. अस्लमचा पहिला मिस्ड कॉल दहा अठ्ठेचाळीसचा.

रिकव्हरी ट्रकने ट्रेलर वर आणला. दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर काका काळा चष्मा लावून मागच्या अंगणात खुर्चीत बसले. वाकायला मी दिलं नाही म्हणून चिडले होते. अस्लम खाली झोपला, काका बसल्या जागेवरून बोट दाखवत होते. पाण्याच्या टाकीमागचा पत्रा काढायला लावला, आणि सापडली. अर्थची वायर, टोकाची कडी तुटलेली, सांगाड्यापासून चार बोटं लांब लोंबकळत होती. टोकावर हिरवा गंज.

"ही काल नाय तुटली," काका म्हणाले. "महिने झाले."

"मग इतके दिवस दिवा लागत कसा होता?"

"गोळ्यातून. ट्रेलर ज्या लोखंडी गोळ्यावर बसतो ना, त्यातून करंट माघारी येतो कधीमधी. भरवसा नाय त्याचा."

सुपरवायझर चहा घेऊन आला. पहिला कप त्याने अस्लमला दिला आणि मान खाली घालून "माफ कर" म्हणाला. फायनल एक्झिटचं नाव पुन्हा निघालं नाही.

म्हणजे ब्रेकचा उलगडा आहे. नेमका त्या क्षणी गोळ्यातून करंट आला असेल. काकांच्या डोक्यात तीन दिवस तोच ट्रेलर होता, तेच ते बडबडले असतील. हे सगळं मी स्वतःला किती वेळा सांगितलंय. पण ट्रेलर घाटात आहे हे त्या खोलीत कुणालाच माहीत नव्हतं. आधी 'सुटला', मग 'धरलाय', मग 'झाला'... हा क्रम आणि ती तीन मिनिटं मला कुठेच बसवता येत नाहीत.

काकांना विचारलं तर त्यांना बोललेलं काहीच आठवत नाही. उजवा हात मात्र दोन दिवस दुखत होता, भारी ओझं उचलल्यागत. आता ते एका डोळ्याने लख्ख बघतात आणि दुसऱ्याची तारीख मागतायत. परवा तपासताना मी पुन्हा विषय काढला. म्हटलं, "काका, मी खूप विचार केला. मला अजून याचा अर्थ लागत नाही."

त्यांनी उजव्या हाताचा पंजा एकदा उघडला, मिटला.

"तुला नसंल लागला, बाय," ते म्हणाले. "तिकडं लागला ना. म्हणून तर अस्लम थांबला."