बोट न लावता

आमच्या जिममध्ये रंगारीकाकांना 'तुझंच' म्हणतात. बेंचवर आडवं पडून बार छातीवरून वर ढकलायचा, तर डोक्याशी कोणीतरी उभं लागतं, बार अडकला की सपोर्ट द्यायला. काका तिथे हौसेने उभे राहतात, बारखाली दोन बोटं लावतात आणि ओरडतात, "तुझंच आहे! मी नुसता उभा आहे!"

ती दोन बोटं म्हणजे ट्रकचा जॅक आहे, हे मला फार उशिरा कळलं. मी चाळीस किलो उचलते, असं घरी मिरवून झालं होतं. एकदा काका आले नव्हते, तर तेच चाळीस किलो छातीवर घेऊन मी बेंचला चिकटून पडले. दोघांनी येऊन मला सोडवलं. दुसऱ्या दिवशी मी काकांना चांगलंच फैलावर घेतलं.

"खोटं कशाला बोलता हो?"

"खरं सांगितलं की माणूस उद्या येत नाही," ते शांतपणे म्हणाले.

कपाळ! मी अबोला धरला.

जन्मभर छतं रंगवून काकांचा उजवा खांदा कामातून गेला होता. ऑपरेशन ठरलं. त्यानंतर वजनाला हात लावायचा नाही, कायमचा, असं डॉक्टरांनी बजावलं. काकांना त्याआधी एकदाच शंभर किलो उचलायचे होते. तेही कोणाचं बोट न लागता, कारण बोट लागलं की आमच्यात ते मोजत नाहीत.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी ते माझ्यापुढे येऊन उभे राहिले. "मागे तू थांब."

"मीच का? एवढे चेले आहेत की तुमचे."

"त्यांना माझी दया येईल. तू चिडलेली आहेस."

मुद्दा बिनतोड होता. मी उभी राहिले.

काकू त्यांना न्यायला आल्या होत्या, दाराशी स्टुलावर बसल्या होत्या. नवऱ्याला बरं वाटावं म्हणून या बाईने आजवर एक शब्द खर्च केलेला नाही. काकांनी घराला कुठलाही रंग दिला, तरी पहिला बरा होता म्हणतात.

काकांनी बार छातीवर घेतला, वर ढकलला, आणि तो अर्ध्यात अडकला. चेहरा वांग्यासारखा झाला. माझे हात नुसते शिवशिवत होते. ते मी पाठीमागे एकमेकांत घट्ट अडकवले. बार थरथरला, हलला, इंचाइंचाने वर गेला आणि रॅकवर आदळला.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काका उठून बसले. "किती लावलंस?"

"काहीच नाही."

"दोन बोटं तरी?"

"अहो, खरंच नाही! सगळं तुमचंच होतं!"

बोलले आणि मी जीभ चावली. काकांनी मान डोलावली. "छान म्हणालीस. मीही असंच म्हणतो."

पोरांनी शपथा घेतल्या. पण ती सगळी काकांच्याच तालमीतली. काका हसून एकेकाला "बरं, बरं" म्हणत टॉवेल शोधू लागले. मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू.

"हात पाठीमागे होते तिचे," काकू स्टुलावरूनच म्हणाल्या. "मी बघत होते. आणि तोंड किती वेडंवाकडं करायचं माणसाने? चारचौघांत शोभतं का ते?"

काकांनी वळून त्यांच्याकडे बघितलं. मग टॉवेल तोंडाशी धरून हमसाहमशी रडायला लागले.

"आता हे काय नवीन?" काकू म्हणाल्या.