वरच्या मजल्यावर

मांजलपूरच्या आमच्या सोसायटीत शेजारी राहणारे काका रेल्वेतून निवृत्त झालेले. पदवी घेऊन मी गावाहून बडोद्याला नोकरीला आलो, तेव्हा पहिलं जेवण त्यांच्याच घरी जेवलो. प्रत्येक वाक्याला ते ‘बराबर ने?’ जोडत आणि उत्तरासाठी खरोखर थांबत. फक्त वरच्या मजल्यावरच्या भाईंशी त्यांचं बोलणं बंद होतं. छताच्या गळतीवरून काका त्यांना नको ते बोलून बसले होते.

नाताळच्या सकाळी काका चर्चला निघाले आणि जिन्यापाशी थबकले. खाली उतरायचं सोडून ते रिकाम्या हातांनी वर चढू लागले.

“काका, केक तरी न्या,” मी म्हणालो.

“केक नेला तर तोच बोलेल, मी गप्प राहीन. देव स्वतः आला होता, पार्सल नव्हतं पाठवलं. बराबर ने?”

वर बेल वाजली. “भाई, माझं चुकलं,” काकांचा आवाज आला. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

खालून काकू ओरडल्या, “अहो, उशीर होतोय!”

उत्तर भाईंनी दिलं. “भाभी, तमे पण उपर आवो, चा मूकी छे!”

“चहा ठेवलाय म्हणतात, मग आता कसला उशीर,” म्हणत काकू पदर सावरून जिना चढू लागल्या.