वर वळलेल्या कडा

आमच्या प्राणिमित्र गटाच्या पत्रकातली शेवटची ओळ माझीच होती : ‘घरातलं कासव गोडदेवच्या तळ्यात सोडा.’ शांती नगरात मी ती दारोदार वाटली. सात घरांनी कासवं दिली. सातही मी तळ्यात सोडली, फोटो काढले. आठव्यासाठी महिनाभर भांडले. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आंटींनी ते वास्तूसाठी काचेच्या गोल भांड्यात ठेवलं होतं.

“आंटी, ये जेल है.”

“जेल में कोई रोज पनीर खिलाता है क्या?”

शेवटी दिलं. “बस, संभालना.”

ते घेऊन गेले तेव्हा तळ्याकाठी पहिल्यांदाच एक संशोधक ताई भेटल्या. त्या कासवांच्या पाठी मोजतात. लांबी, रुंदी, उंची, सगळं वहीत. प्रत्येक तळ्यातल्या कासवांच्या पाठीची ठेवण थोडी वेगळी असते. इथली माहीत असली की बाहेरचं कासव ओळखता येतं.

“मोजा पटकन, मग सोडूया,” मी म्हटलं. “मला अजून दोन बिल्डिंगा करायच्यात.”

ताईंनी आधी तळ्यातलं एक कासव फळीवर उताणं ठेवलं. त्यानं मान ताणली, फळीला टेकवली आणि पलटलं. मग आंटींचं ठेवलं. त्याच्या पाठीवर टेंगळं, कडा बशीसारख्या वर वळलेल्या. पाय हलत राहिले, मान फळीपर्यंत पोचेना. ताईंनी लगेच सरळ केलं.

“भांड्यातलं ना? खाणं चुकीचं, ऊन नाही, की पाठ अशी होते. हे सोडायचं नाही. काठावर उलटलं की संपलं.”

मग त्यांनी पिशवीतून मेलेल्या कासवांच्या दोन रिकाम्या पाठी काढल्या. “या गेल्या महिन्यात काठावर सापडल्या. वहीतल्या एकाही मापाशी जुळत नाहीत. कोण आणून टाकतंय, काही कळत नाही.”

टेंगळं. वर वळलेल्या कडा. एकीवर लाल नेलपॉलिशचा ठिपका, त्या घरातल्या मुलीनं ओळखीसाठी लावलेला. माझ्या फोटोत तो स्पष्ट दिसतो.

ज्यांना मी छळ करणारे म्हणत होते, त्यांच्या घरी ही दोन्ही जिवंत होती.

“मी टाकली,” म्हटलं.

ताईंनी वहीचं नवं पान उघडलं. “किती?”

“सात.”

“मग पाच शोधायचीत. फोटो दे.”

अंधार पडेपर्यंत आम्ही काठ धुंडाळला. एक सापडलं, जिवंत. ते आणि आंटींचं, दोन्ही वनखात्याच्या डॉक्टरांकडे दिली.

आंटी जिन्यात भेटल्या. “छोड दिया?”

“नहीं.”

“क्यों? इतना झगडा किया मुझसे.”

पिशवीतलं पत्रक काढून मी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. “ये मैंने गलत लिखा था.”