शिवलेली वही

काल अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, रक्तदाबाचे आकडे लिहायला मला डायरी आणायला पाठवलं. दुकानात एक बाप लेकीला समजावत होता, "नवी वही कशाला? जुनीत कोरी पानं आहेत की!" शेजारी तिचा भाऊ चकचकीत नवी वही छातीशी धरून उभा होता. मी हातात घेतलेली डायरी परत फळीवर ठेवली.

अण्णाही दर मे महिन्यात जुन्या वह्यांतली कोरी पानं दाभणानं शिवून मला वही करून द्यायचे. "पैशाची किंमत कळली पाहिजे," म्हणायचे. दादाला मात्र नव्या कोऱ्या वह्या. काटकसर म्हणजे मुलीच्या ताटातलं काढून मुलाच्या ताटात वाढणं, हे मी आठव्या वर्षीच शिकले.

मी रिकाम्या हातानं घरी आले. माझ्या लेकीच्या जुन्या वह्यांतली कोरी पानं काढली, दाभण घेतलं आणि अगदी मन लावून वही शिवली.

अण्णांनी वही उलटसुलट करून पाहिली. "डायरी नव्हती का दुकानात?"

"होती की. पण पैशाची किंमत कळली पाहिजे ना, अण्णा."

स्वयंपाकघरात आई हसली, चाळीस वर्षं हसू दाबून ठेवल्यासारखी.